मुलांच्या चित्रांवर हात फिरवू नका: महाराष्ट्रातल्या चित्रकला शिक्षकांना खुलं पत्र

सर्व कलाशिक्षक बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

स्पर्धांचा हंगाम आला. स्वातंत्र्यदिन, मग गणपती, मग बालदिन, मध्ये कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस. चित्रांचे गठ्ठे परीक्षकांच्या टेबलावर येऊन पडतील आणि मीही कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये चहाच्या कपाशेजारी बसून ते चाळत असेन. एखादा गठ्ठा असा निघेलच, की त्यातली सगळी झाडं एकाच हातची.

मी कशाबद्दल बोलतोय ते तुम्हाला कळलं असेल. आपल्यात त्याला 'हात फिरवून देणं' म्हणतात. पाचवीतल्या मुलाने ऑइल पेस्टल घासघासून आभाळ भरलेलं असतं, कडेला कागद पांढरा राहिलेला असतो, खडूचे तुकडे पडून डाग उठलेले असतात. आणि त्याच आभाळावर नारळाच्या झावळ्या मात्र अशा, की ब्रश भरला, टेकवला, मनगट वळवून उचलला. तो फटकारा काही पाचवीत येत नाही. मुलाच्या आईला तो दिसत नाही; मला दिसतो, आणि खरं सांगा, तुम्हालाही दिसतो. त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळतं. मूल मंचावर जातं, ढाल घेतं, फोटो निघतो. आभाळ आपलं आणि झाड सरांचं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

याविषयी आपल्या बैठकांमध्ये बोलून झालंय. ऐकून घेतात, माना डोलावतात, पुढच्या वर्षी तेच. म्हणून या वेळी आधी एका बाईंविषयी सांगतो, मग भांडतो.

फ्रीडल डिकर, लग्नानंतर डिकर-ब्रांडाइस. शिल्पकार, चित्रकार, शिवाय विणकाम, पुस्तकबांधणी, फर्निचर, नाटकांचं नेपथ्य, जे हाती येईल ते करणाऱ्या. जन्म 30 जुलै 1898 चा, व्हिएन्नातल्या ज्यू घरात. आई लहानपणीच गेली. वडील स्टेशनरीच्या दुकानात कामाला होते, त्यामुळे घरात पैसा नसला तरी कागद-पेन्सिलींना तोटा नव्हता. आधी छायाचित्रण आणि छपाई शिकल्या, मग व्हिएन्नाच्या उपयोजित कलेच्या शाळेत फ्रान्झ चिझेक यांच्या वर्गात बसल्या. हे चिझेक म्हणजे 1897 पासून लहान मुलांसाठी चित्रवर्ग चालवणारे गृहस्थ. मुलाला वाटेल ते वाटेल तसं काढू द्यावं, हा त्या काळात वेडेपणा समजला जाणारा त्यांचा आग्रह. त्यानंतर योहान्नेस इटेन या चित्रकार-शिक्षकांचा खासगी वर्ग. इटेन 1919 मध्ये जर्मनीतल्या वायमारला नव्याने निघालेल्या बाउहाउस या कला-वास्तुकलेच्या शाळेत शिकवायला गेले तेव्हा व्हिएन्नातले काही विद्यार्थी त्यांच्या मागोमाग गेले. फ्रीडल त्यांच्यातल्या एक.

इटेन आपल्याला परके नाहीत. फाउंडेशनच्या, म्हणजे कलाशिक्षणाच्या पायाभूत वर्षी रेषेचा, पोताचा, गडद-फिक्याचा जो अभ्यास आपण रात्र-रात्र जागून केला, त्याचं मूळ बरंचसं त्यांच्या तिथल्या प्राथमिक अभ्यासक्रमात आहे. मुलं आधी श्वास आणि अंग मोकळं करत, मग तालावर रेषा मारत, मग जुन्या चित्रकारांची चित्रं उलगडून पाहत. फ्रीडल या पद्धतीत इतक्या तयार झाल्या की स्वतः विद्यार्थिनी असतानाच नवख्यांना शिकवायला लागल्या. बाउहाउसचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस यांनी पुढे 1931 मध्ये त्यांना शिफारसपत्र दिलं, त्यात हे आवर्जून लिहिलं आहे. बाउहाउसमध्ये बायकांना सहसा मागाकडे ढकलत. या बाई मागावरही बसल्या आणि धातूतही घुसल्या.

1921 चं त्यांचं एक शिल्प आहे. विषय युरोपात शेकडो वर्षं घोटलेला: संत अ‍ॅना, तिची मुलगी मेरी आणि बाळ येशू. आजी, आई, मूल. फ्रीडलनी त्यातलं मांस काढून टाकलं. नळ्या, गोल, पोकळ दंडगोल. निकेल, काळं लोखंड, पितळ, काच, वर लाल-पांढरं लाखेचं पॉलिश. एकीच्या आकारातून दुसरीचा आकार निघतो आणि त्यातून बाळाचा. हे शिल्प आज नाही. फोटो आहे फक्त. त्या कृष्णधवल फोटोकडे मी पुष्कळ वेळ बघत बसलेलो आहे, आणि दर वेळी चीड येते. कारण या बाईंचं नाव निघालंच तर 'छळछावणीत मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या शिक्षिका' एवढंच निघतं. पंचविशीही न गाठलेल्या मुलीने असं शिल्प उभं केलं, हे कुणी सांगत नाही. आपल्याही जमातीत हेच होतं म्हणा. ड्रॉइंगमास्तर झाला की त्याची स्वतःची चित्रं कुणी विचारत नाही, आणि हळूहळू तोही काढायचा थांबतो.

1923 मध्ये बाउहाउस सोडल्यावर मित्र फ्रान्झ सिंगर यांच्याबरोबर आधी बर्लिनला आणि मग व्हिएन्नात त्यांनी कार्यशाळा चालवली. घडीचे पलंग, एकावर एक रचता येणाऱ्या खुर्च्या, छोट्या घरात मोठा संसार बसवायच्या युक्त्या. 1930 च्या सुमारास व्हिएन्नातल्या गोएटेहोफ या कामगार वसाहतीत त्यांनी मॉन्टेसरी बालवाडीची अंतर्गत रचना केली. तिथलं सामान मुलांना स्वतः हलवता येईल, लावता येईल, आवरता येईल असं होतं. टेनिस क्लबची एक इमारत केली, एका उमराव बाईंसाठी पाहुणेघर केलं. दोन्ही आज उभ्या नाहीत. बालवाडीही गेली. शिल्प गेलं, इमारती गेल्या. त्यांच्या हातचं जे मोठ्या आकाराचं होतं त्यातलं जवळजवळ काहीच उरलं नाही.

मग राजकारण आलं. 1930 नंतर त्या कम्युनिस्टांसाठी भित्तिपत्रकं करू लागल्या: वर्तमानपत्रांतले फोटो कापून, जोडून, मध्ये अक्षरं. एकात मधोमध तान्हं बाळ आहे आणि भोवती सैनिक, कारखाने, गर्दी. बाळा, तू जन्मलास ते जग हे असं आहे, अशा अर्थाचा मजकूर. 1934 मध्ये व्हिएन्नात डाव्यांचा उठाव चिरडला गेला. फ्रीडलना बनावट पासपोर्टांच्या प्रकरणात अटक झाली. सुटल्यावर त्या प्रागला गेल्या आणि तिथे त्यांनी त्या पोलिसी चौकशीचीच चित्रं काढली. इथून त्यांची चित्रकला बदलली. नळ्या-गोल मागे पडले. माणसांचे चेहरे, खिडकीतून दिसणारे डोंगर, फुलं, मुलं आली. काही समीक्षक याला माघार म्हणतील. मला ते पटत नाही. ज्या बाईने आकार हाडापर्यंत सोलून पाहिला होता, तिनेच काढलेली ती खिडकी आहे, हे चित्राच्या बांधणीत स्पष्ट दिसतं.

प्रागमध्ये त्या जर्मनीतून आणि ऑस्ट्रियातून पळून आलेल्या निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवायच्या. मदतीला एडिथ क्रेमर नावाची तरुण विद्यार्थिनी असायची. तीच पुढे न्यूयॉर्कला गेली आणि आर्ट थेरपीच्या पायाभरणीतलं मोठं नाव झाली. आज आपल्याकडे मोठ्या शहरांत आर्ट थेरपीचे वर्ग फी घेऊन चालतात, त्यांच्या वंशावळीत प्रागची ती खोली आहे.

1936 मध्ये पावेल ब्रांडाइस यांच्याशी लग्न. ते नात्यातलेच होते. 1938 पासून दोघं ह्रोनोव या छोट्या गावात, कापडगिरणीत कामाला. फ्रीडलना पॅलेस्टाइनला जाण्याची संधी होती, पावेलना परवाना मिळत नव्हता, त्या गेल्या नाहीत. 1940 मध्ये लंडनच्या एका गॅलरीत त्यांची चित्रं लागली. चित्रं पोहोचली, बाई इकडेच अडकल्या.

डिसेंबर 1942 मध्ये दोघांना तेरेझिनला नेलं. प्रागपासून साठेक किलोमीटरवरचं हे अठराव्या शतकातलं किल्ल्याचं गाव. युद्धाआधी तिथे सैनिक धरून सात हजार माणसं राहत. नाझींनी त्याचं ज्यूंसाठी कोंडवाड्यासारखं वस्तीस्थान केलं तेव्हा एका वेळी पन्नास हजारांवर माणसं कोंबली. सोबत पन्नास किलो सामान न्यायची मुभा होती. बाईंनी काय नेलं? कागद आणि रंग. निघण्यापूर्वी चादरी रंगवून घेतल्या, म्हणजे मुलांच्या नाटकात त्यांचं जंगल करता येईल. ज्यांनी कधी घर बदललंय त्यांनी क्षणभर विचार करावा, पन्नास किलोत आपण आधी काय भरलं असतं.

तिथे त्या मुलींच्या वसतिगृहात राहिल्या. एल 410 हा त्याचा क्रमांक. शाळेचं शिक्षण द्यायला बंदी होती, चित्रकला-हस्तकलेकडे काणाडोळा केला जाई. त्या फटीत त्यांनी वर्ग भरवले. तीन मजली फळ्यांच्या बिछान्यांमध्ये जी जागा उरेल ती वर्गखोली. आणलेला कागद संपला तशी कार्यालयातली कोरी फॉर्म्स, जुन्या नकाशांच्या पाठी, वेष्टनाचा कागद. एका बाजूला छापील रकाने, दुसऱ्या बाजूला मुलाचं चित्र. कधी तेच रकान्यांचे कागद फाडून, त्यांच्या रेघांचाच उपयोग करून चिकटचित्रं.

आता त्यांचा तास कसा चाले ते बघा. सुरुवात तालाने. बाई ताल देणार आणि मुलांनी त्या तालावर हात फिरवत रेषा, वेटोळी, ठिपके काढायचे. हात सैल होईपर्यंत. हे थेट इटेनच्या वर्गातून आलेलं, बाउहाउसमध्ये मोठ्यांना दिलेलं, आता दहा-बारा वर्षांच्या भुकेल्या मुलींना. मग कधी गोष्ट सांगायच्या आणि तीत आलेल्या वस्तू भराभर कागदावर जमवायला लावायच्या, कधी समोर भांडं ठेवायच्या, कधी जुन्या चित्रकाराच्या चित्राची छापील प्रत दाखवून त्यातले उजेड-अंधाराचे ठोकळे शोधायला लावायच्या. नमुना म्हणून स्वतःचं चित्र पुढे ठेवून 'हे असं काढा' मात्र नाही. आणि चित्र झालं की त्यावर नाव. मुलांनी स्वतःचं नाव घालायचंच, हा त्यांचा आग्रह होता. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या जागेत.

मुलांनी काढलं काय? छावणी फार थोडी. बिछाने आहेत, पहारेकरी क्वचित आहेत. पण जास्त करून घर, अंगण, सणाचं मांडलेलं टेबल, फुलपाखरं, कुरण. 1943 मध्ये बाईंनी तेरेझिनमधल्याच शिक्षकांसमोर मुलांच्या चित्रकलेवर व्याख्यान दिलं. त्याचा मजकूर टिकला आहे. त्यातला आशय माझ्या शब्दांत असा: चित्रकलेचा तास सगळ्यांना चित्रकार करण्यासाठी नाही. मुलाच्या आतली शक्ती मोकळी व्हावी, त्याची नजर आणि त्याचा निवाडा पक्का व्हावा, यासाठी तो आहे. मोठी माणसं मुलाला आपली वाट आखून देतात तेव्हा त्याची स्वतःची वाट बंद करतात. बालपण म्हणजे मोठेपणाची कच्ची आवृत्ती नव्हे, त्याला घाईने पिकवू नये. शेजारच्या इमारतींमध्ये रोज माणसं मरत होती, पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे गाड्या जात होत्या, आणि बाई सहकाऱ्यांना हे सांगत होत्या.

28 सप्टेंबर 1944 ला पावेलना गाडीत चढवलं गेलं. फ्रीडलनी त्यांच्यामागे जाण्यासाठी स्वतःहून नाव दिलं. 6 ऑक्टोबरला त्यांची गाडी निघाली. त्याच गाडीत त्यांच्या विद्यार्थिनीही होत्या. 9 ऑक्टोबरला आउशविट्झ-बिर्केनाउमध्ये त्यांना मारण्यात आलं. वय 46. पावेल सुतारकामाच्या जोरावर वाचले.

फ्रीडलच्या जाण्यापूर्वी मुलांची चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून तेरेझिनमध्ये दडवून ठेवलेली होती. साडेचार हजारांच्या आसपास. युद्ध संपल्यावर, ऑगस्ट 1945 मध्ये, मुलींच्या वसतिगृहाचे शेवटचे प्रमुख विली ग्रोग यांनी त्या प्रागच्या ज्यू संस्थेकडे पोहोचवल्या. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. नावं घातलेली असल्यामुळे वाहतुकीच्या याद्यांशी ताडून कुठलं चित्र कुणाचं, त्या मुलाचा जन्म कधीचा, त्याचं पुढे काय झालं, हे शोधता आलं. बहुतेकांपुढे एकच उत्तर आहे.

मी ती पाहिली आहेत. सहलीच्या कार्यक्रमात प्रागचा ज्यू मोहल्ला 'बाहेरून' होता. बाहेरून म्हणजे बसच्या खिडकीतून. दुसऱ्या दिवशी सगळे खरेदीला गेले तेव्हा मी पिंकास सिनेगॉग हे ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ गाठलं. खालच्या भिंतींवर बोहेमिया-मोराविया भागातल्या मारल्या गेलेल्या जवळपास ऐंशी हजार ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत, वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं. एका कागदावर पाठीमागच्या छापील रेघा पुढच्या आभाळातून उमटून आल्या होत्या. घर वाकडं, धुराडं छपराला काटकोनात, म्हणजे जमिनीकडे कललेलं, जसं सात-आठ वर्षांची मुलं जगभर काढतात. आपल्याकडच्या स्पर्धेत हे धुराडं सरांनी सरळ करून दिलं असतं. इथे बाउहाउसमध्ये घडलेली शिल्पकार शेजारी बसलेली होती, तिने ते तसंच राहू दिलं.

आता तुमचं म्हणणं. मला ते तोंडपाठ आहे, कारण तुमच्याबरोबर स्टाफरूममध्येच आयुष्य गेलं. पटसंख्या जास्त आहे. आठवड्याला मिळून दोन तास, त्यातला एक गणिताच्या बाई मागून घेतात. फळ्यावर सुविचार, गॅदरिंगचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी, निवडणुकीची ड्युटी, सगळं आपल्याच गळ्यात. बक्षीस आलं नाही तर मुख्याध्यापक विचारतात, हा विषय हवाच कशाला. पालकांना इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेची ए ग्रेड हवी, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. यातलं एकही खोटं नाही, आणि मी तुमच्यावर छावणीतल्या बाईंचं उदाहरण फेकून 'त्यांना जमलं, तुम्हाला का नाही' असं म्हणणार नाही. ती तुलना करणंच अभद्र आहे.

माझा मुद्दा अडचणींचा नाही, हाताचा आहे. मुलाचं चित्र दुरुस्त करायला जेवढा वेळ जातो, त्याहून कमी वेळ न करायला लागतो. ज्या बाईंच्या हातात तुमच्या-माझ्या दसपट कसब होतं त्यांनी ते मुलाच्या कागदापासून लांब ठेवलं, आणि ते ठेवता आलं कारण त्यांचं स्वतःचं काम चालू होतं. तेरेझिनमध्येही त्या स्वतःची चित्रं काढतच होत्या. आपला हात शिवशिवतो तो मुलाच्या कागदावर का उतरतो, याचं उत्तर मला तरी इथे सापडतं: घरी आपला कागद कोरा असतो.

तेव्हा मागणं सांगतो. फळ्यावर दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि झोपडी असा नमुना काढून देणं बंद करा. मुलं तो पुढची वीस वर्षं काढतात, मी लग्नपत्रिकांवरही पाहिलाय. स्पर्धेला चित्र पाठवताना मुलाने केलं तिथेच थांबा. पुढल्या कोपऱ्यात मुलाने स्वतःच्या हाताने नाव आणि वय लिहावं. शाळेचा शिक्का मागे मारा, सध्या उलट चालतं. वर्गात पाच मिनिटं तालाची रेषा घेऊन पाहा. डस्टर बाकावर आपटला तरी ताल होतो, साहित्य लागत नाही.

परीक्षक मित्रांनो, तुमच्याकडे जास्त अधिकार आहे. हात फिरवलेलं चित्र ओळखायला आपल्याला क्षण लागतो. ते बाजूला काढा आणि का काढलं ते निकालपत्रात एका ओळीत लिहा. मुलाचं नाव घेऊ नका, त्याचा दोष नाही. आयोजक कुरकुर करतील, शाळा रागावतील, पुढच्या वर्षी कदाचित बोलावणार नाहीत. मला मागे एका ठिकाणाहून बोलावणं बंद झालंय, काही बिघडत नाही.

आणि एटीडीला (कलाशिक्षक पदविकेला), फाउंडेशनला कलेचा इतिहास शिकवणाऱ्या मंडळींना वेगळी विनंती. बाउहाउस शिकवताना ग्रोपियस, इटेन, क्ले, कॅन्डिन्स्की ही नावं येतातच. त्यांच्यात 1921 च्या त्या धातूच्या शिल्पाचा फोटो लावा. खाली 'फ्रीडल डिकर, शिल्पकार' लिहा, तेरेझिनचं नंतर सांगा. आधी त्यांचं काम पाहू दे मुलांना.

ज्यांना हे मान्य नाही त्यांनी जाहीरपणे लिहावं. हात फिरवून देण्याच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखं असेल, तर ते मला वाचायचं आहे.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक